एक दात उंच

गावात किल्ल्या करणारी ती एकटीच, म्हणून लहानथोर सगळे तिला किल्लीवाली ताईच म्हणत. अण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, धंदा शिकवताना एकच ताकीद दिली होती: ठशावरून किल्ली करायची नाही, समोर राजा का उभा असेना. आणि बाईनं ती मोडली कुणासाठी? तर पोस्टमनसाठी!

पोस्टमननं तिला मागणी घातली होती. रविवारी ती हो म्हणणार होती. मंगळवारी त्यानं किल्लीचा ठसा उमटवलेली साबणाची वडी पुढे केली. "ऑफिसच्या कपाटाची आहे," म्हणाला, आणि नजर चोरली. तिनं ठसा उजेडात धरला. किल्ली तिच्याच घराची होती. स्वतः कापलेली किल्ली ती ओळखणार नाही होय? त्यात ठसा इतका सफाईदार, दोन्ही बाजू, टोकसुद्धा! मेला मुरलेला चोर निघाला.

घरात अण्णा एकटे. त्यांचं डोकं हल्ली भरकटायचं. एकदा दोन दिवस सापडले नव्हते. तेव्हापासून ती बाहेरून कुलूप घालूनच दुकानात यायची.

तिनं किल्ली केली, पण एक दात मुद्दाम उंच ठेवला. दोन दिवस ना घास गोड लागला, ना काम सुचलं. गुरुवारी सकाळी तिनं किल्ली त्याच्या हवाली केली आणि दुपारी दुकान बंद करून ती घरासमोरच्या जिन्याखाली दबा धरून बसली, हातात हातोडी.

पोस्टमन आला. इकडेतिकडे बघत त्यानं किल्ली घातली. फिरेना.

तेवढ्यात आतून अण्णांचा आवाज आला. "शहरातनंच करून आणलीस ना रे? आवाजावरून सांगतो, एक दात उंच राहिलाय. पोरगी अंघोळीला गेली तेवढ्यात ठसा तर मी चोख काढून खिडकीतून तुला दिला होता."

"जोर लावतो, अण्णा."

"मोडशील! माझ्या पोरीनं केली असती तर अलगद फिरली असती. पण तिला सांगायची सोय नाही. जीव लावते, म्हणूनच कोंडते बिचारी. तुझा हात धरून चौकापर्यंत जाऊन आलो असतो, एवढंच."

हातोडी तिच्या हातातून गळाली. पोस्टमन दचकून वळला, पांढराफटक पडला. "शहरात ठशावरून कुणी करून देईना," तो पुटपुटला. तिला त्याला शिव्याही द्यायच्या होत्या आणि मिठीही मारायची होती; आलं फक्त रडू. तिनं कुलपातली किल्ली काढून घेतली, पिशवीतून कानस काढली आणि पायरीवर बसून तो दात घासायला घेतला.

"ही कानस... पोरी, तूच ना?" आतून अण्णा म्हणाले.

तिनं किल्ली पोस्टमनच्या हातावर ठेवली. "उघडा तुम्हीच. आणि रस्त्यात त्यांचा हात सोडू नका."