पाठ करून घेतलेलं स्वातंत्र्य

शारजात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक मलेशियन कुटुंब राहतं. त्यांच्यातले आजोबा नव्वदी ओलांडलेले. घरचे त्यांना अतोक म्हणतात, त्यांच्या भाषेत आजोबांना तेच म्हणतात, म्हणून आम्हीही अतोकच म्हणतो. मिसरूड फुटायच्या वयात ते बंदूक घेऊन जंगलात गेले, इंग्रजांशी लढले आणि पकडले गेले. देश स्वतंत्र झाला तेव्हा ते तुरुंगात होते. भिंतीपलीकडून लोकांचा जल्लोष ऐकू आला, एवढंच त्यांच्या वाट्याचं स्वातंत्र्य. हे त्यांनीच मला सांगितलंय, संध्याकाळी खाली बाकावर बसून, तुटक इंग्रजीत. कितीदा तरी सांगितलंय आणि दर वेळी अगदी तसंच.

यंदा त्यांच्या स्वातंत्र्यदिनाच्या दुपारी मी साखरभात द्यायला गेले आणि समोरचं पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अतोकना खुर्चीत बसवलं होतं, हातात कागदी झेंडा दिला होता. त्यांचा नातू, चांगला चाळिशीचा, दुबईत अल क्वोजमधल्या एका कंपनीत मॅनेजर, त्यांच्याकडून वाक्यं घोकून घेत होता. "मी मैदानात होतो. झेंडा वर चढताना पाहिला. मला रडू आलं." अतोक अडखळले की पुन्हा पहिल्यापासून. शिशुवर्गातल्या पोराकडूनसुद्धा कोणी इतक्या निर्दयपणे कविता पाठ करून घेत नाही.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"सिस्टर, संध्याकाळी बॉस येतोय. ब्रिटिश आहे. जंगल, गन, जेल... काय इम्प्रेशन होईल? ओल्ड स्टोरी आहे ती. खलास."

नोकरीची भीती मलाही कळते. इथे नोकरी गेली की व्हिसा जातो आणि व्हिसा गेला की मुलांची शाळा. आमच्याही घरात ती भीती रोज जेवायला बसते. पण भीती ह्याची आणि खोटं बोलायचं त्या म्हाताऱ्या माणसाने? हा कुठला न्याय? घरी येऊन मी भांडी आपटली. नवरा म्हणाला, "आजोबा त्यांचे, देश त्यांचा. तू मध्ये पडू नकोस." लेक म्हणाली, "मम्मा, चिल." चिल म्हणे!

संध्याकाळी केक कापायला त्यांनी आम्हालाही बोलावलं होतं. बॉस आला. माणूस भला निघाला. अतोकच्या शेजारी खुर्ची ओढून बसला, त्यांचा हात हातात घेतला आणि अदबीने विचारलं, "सर, त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

"मी मैदानात..." अतोक थांबले. नातवाकडे पाहिलं. मग झेंडा मांडीवर ठेवला. "नाही. मैदान मी पाहिलंच नाही. मी जेलमध्ये होतो. तुमच्या लोकांनी टाकलं होतं. नंतर आमच्या लोकांनीही लगेच सोडलं नाही."

नातू हसला. हसला मेला! "सॉरी सर, वय झालंय. मेमरी गेलीय. सिनेमात पाहिलेलं स्वतःचं वाटतं त्यांना."

लगेच सगळ्यांचे चेहरे मवाळ झाले. कोणीतरी 'अरेरे' केलं. बॉसने अतोकचा हात थोपटला. कोणी ओरडलं असतं तर परवडलं असतं, ही दया मला सोसेना. नवऱ्याने माझं कोपर दाबलं, तरी मी बोललेच, "त्यांची मेमरी माझ्यापेक्षा शाबूत आहे. खोटं हा बोलतोय."

"यल्ला, यल्ला! चला, केक!" नातू मोठ्याने म्हणाला आणि त्याने सुरी उचलली.

अतोकनी त्याचं मनगट धरलं. आवाज चढवला नाही. नातवाशी बोलले मात्र इंग्रजीत, बॉसलाही कळावं म्हणून.

"जेलमध्ये मला खूप मारलं. पण हा माणूस वेडा आहे, असं तिथे कोणी म्हटलं नाही."