आमच्या ऑफिसातले पिढीजात सर

काही माणसांचे किस्से साठतात, कारण ती खूप बोलतात. ह्यूंचे साठले, कारण ते एखादं वाक्य बोलून परत कॉफीकडे वळत. जर्मनीत रेगेन्सबर्गला आमच्या टेस्टिंग टीममध्ये हे साठीचे इंग्रज इंजिनिअर होते, आणि ते खरोखरचे ‘सर’ होते. कुणी पूर्वज कुठल्याशा राजाच्या उपयोगी पडला, तेव्हापासून घराण्यातल्या थोरल्या मुलाला ही पदवी बापाकडून मिळत आलेली. त्यांनी स्वतः ती कधीच लावली नाही. आम्हाला कळली ती त्यांच्या बायकोकडून.

*

सुशांत गजभिये नागपूरहून नवा आला, तेव्हा सगळ्यांना सर म्हणायचा. आमचे बॉस ब्रांडल यांनी त्याला पहिल्याच मीटिंगमध्ये थांबवलं.

“इथे कुणी सर नाही. मी मार्कुस.”

“म्हणजे कुणालाच म्हणायचं नाही?”

“गेनाऊ. अगदी बरोबर.” मग जरा विचार करून त्यांनी ह्यूंकडे पाहिलं. “एकाला म्हणता येईल. पण त्याला ते आवडत नाही.”

*

ह्यूंनी घर बदललं. नव्या बिल्डिंगची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरला कुणीतरी ‘सर ह्यू’ असं नाव सांगितलेलं. त्याने बेलवर पट्टी लावली, ‘सर’. आडनाव तेच असणार, असा त्याचा हिशोब.

“बदलून का घेत नाही?” मी विचारलं.

“शेजारीण रोज ‘हेअर सर’ म्हणते. श्रीयुत सर. इंग्लंडमध्ये आम्हाला एवढा मान कुणी दिला नाही.”

*

ऑफिसची सहल एका किल्ल्यावर गेली होती. काचेमागे चिलखत उभं होतं.

“तुमच्या घराण्यात नाइट झाले असतील ना? लढाया वगैरे?” मी ह्यूंना विचारलं.

“एक जण निघाला होता लढाईला. वाटेत घोड्याचा नाल निखळला. पोचला तोवर लढाई आटोपली होती.”

“अरेरे.”

“अरेरे कसलं? आमची बाजू हरली. जे वेळेवर पोचले, त्यांची घराणी उरली नाहीत.”

*

एकदा कँटीनमध्ये सुशांतने सरळच विचारलं, “पण जन्माने कुणी मोठा कसा होतो?”

सुशांतच्या घरात हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेलेला. तो चेष्टेत विचारत नव्हता, हे ह्यूंनाही कळलं. त्यांनी काटा खाली ठेवला.

“मीही वडिलांना हेच विचारलं होतं.”

“काय म्हणाले?”

“‘पाठ सरळ ठेवून बस.’”

*

उन्हाळ्यात सुशांतचे बाबा आले. निवृत्त हेडमास्तर, इंग्रजी शिकवायचे. सुशांतने ह्यूंना आणि मला जेवायला बोलावलं, आणि आधीच बजावलं, “पदवीचा विषय काढू नका. बाबांच्या आजोबांना मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, दारावरून जाताना वहाणा हातात घ्याव्या लागायच्या. बाबा ते विसरलेले नाहीत.”

दार बाबांनीच उघडलं. हात मिळवला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “तुमचं घराणं जमीनदारांचं का?”

सुशांतने माझ्याकडे पाहिलं.

“होय. गावच आमचं होतं. आता काही नाही,” ह्यू म्हणाले.

दाराशी घरातल्यांचे बूट काढून ठेवलेले होते, ते पाहून ह्यू वाकले. त्यांची कंबर धरलेली. एका हाताने भिंत धरून ते लेसची गाठ सोडवू लागले. गाठ सुटेना. सुशांत पुढे झाला, तर बाबांनी त्याला हाताने थांबवलं.

“ह्यू, राहू दे. बूट घालूनच या,” सुशांत म्हणाला.

“नको. घर यांचं आहे,” ह्यू वाकूनच म्हणाले.

बाबा आत गेले. डायनिंगची खुर्ची स्वतः उचलून आणली आणि दारात ठेवली.

“बसून काढा. घाई नाही.”

ह्यू बसले. दोन्ही बूट निघेपर्यंत बाबा तिथेच उभे होते. मग म्हणाले, “आता या. भात निवतोय.”