‘भागतंय’चं झालं मुबलक

एप्रिलची सोळा तारीख. दुष्काळातल्या चारा छावणीत म्हशींखालचं शेण पाटीत भरत होते, तेवढ्यात जाऊ ओरडली, "आज बी गाडी न्हाई!" चाऱ्याची गाडी आधी रोज यायची. पेपरात बातमी आल्यापासून एक-दोन दिवसाआड यायला लागली. मध्यंतरी तहसिलीत विचारायला गेलो, तर साहेबांनी कात्रणच पुढं केलं: 'छावणीत मुबलक चारा'. खाली आमचाच फोटो.

त्याच दिवशी बीडला सहकारी संस्थांमधल्या बायकांचं शिबिर होतं. बातमी कशी तयार होते, ते शिकवणार होते. आमच्या दूध संस्थेची सचिव मी, तेव्हा मलाच जावं लागलं. कात्रण पिशवीत टाकलं आणि पालीहून एसटी धरली. हॉलमध्ये बसले खरी, पण डोळ्यांपुढं रिकामी गव्हाण. दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते.

शिकवणाऱ्या बाईंनी आमचे तीन गट केले. एक वार्ताहरांचा, दुसरा बातमी नीट करणाऱ्यांचा, तिसरा मथळा देणाऱ्यांचा. "कुणाकडं खरी बातमी आहे?" त्यांनी विचारलं. मी कात्रण दाखवलं.

"यात तुम्ही जे बोलला होतात, तेवढंच पहिल्या गटाला सांगा."

"वार्ताहरानं विचारलं, चारा पुरतो का? मी म्हणाले, भागतंय."

पहिल्या गटानं तसंच लिहिलं. दुसऱ्या गटाला 'भागतंय' गावंढळ वाटलं, त्यांनी 'पुरेसा चारा' केलं. तिसऱ्या गटात उमापूरच्या एक काकू होत्या. त्या म्हणाल्या, "पुरेसा लई मिळमिळीत वाटतंय. मुबलक करा की!"

सगळ्या हसल्या. मला हसू येईना. अर्ध्या तासात आम्ही तीच बातमी तयार केली होती, आणि एकीनंही मुद्दाम खोटं लिहिलं नव्हतं.

"आन् खरंच भागत होतं का गं?" काकूंनी विचारलं.

"न्हाई."

"मग तसं कावून म्हणलीस?"

"दारात आलेल्या माणसाला तुमी काय सांगता?"

काकू म्हणाल्या, "भागतंय म्हणूनच सांगतो, बाई. डब्यात पीठ नसलं तरी."

शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "वार्ताहर पाहुणा नसतो. कोणत्या जनावराला काल काय मिळालं, ते त्याला सांगायचं."

परतीच्या एसटीत जीव थाऱ्यावर नव्हता. छावणी आमच्याच संस्थेची, आणि त्या बातमीवर चेअरमन खूश होते. खरं सांगितलं तर ते माझ्याशी बोलायचे नाहीत, हे दिसतच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धार काढून झाल्यावर त्याच वार्ताहराला फोन केला. तो मोटारसायकलवर आला. त्याला थेट गव्हाणीपाशी उभं केलं.

"या म्हशीला काल उसाच्या वाढ्याची एक पेंढी मिळाली. आज काहीच नाही. लिहा."

"म्हणजे भागत नाही, असं लिहू का मावशी?"

"तो शब्दच नको. मी बोलले तेच लिहा, माझं नाव घाला आणि मला वाचून दाखवा."

त्यानं वाचून दाखवलं. 'कमी चारा' लिहिलं होतं. ते खोडून 'एक पेंढी' करायला लावलं, मगच त्याला जाऊ दिलं.