फाटकाजवळची ज्वारी

गणिताच्या मास्तराला गाव वचकून असते. चित्रकलेच्या मास्तराकडून फक्त गणपतीची मखरे रंगवून घेते. नांदुऱ्याला मीही मखरे रंगवतच दिवस काढत होतो. मग एका कार्तिकात वडिलांच्या फाटकावर मालगाडीखाली बैल गेला, आणि आमचे सगळे माझ्या रंगांवर येऊन ठेपले.

वडील रेल्वेत गेटमन होते. त्या दिवशी फाटक उघडे राहिले. शेतकरी गाडीवरून उडी मारून वाचला, पण त्याचा उजवीकडचा बैल जागीच मेला. वडिलांनी लिहून दिले, की वळणावरच्या शेतात ज्वारी डोक्याच्या वर उभी होती, इंजिन दिसलेच नाही. ते शेतही त्याच शेतकऱ्याचे. जबाब खरा ठरला तर नोकरी टिकणार होती. नाहीतर नोकरीही जाणार आणि रेल्वेने दिलेली खोलीही. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपूरहून चाले, रेल्वेचा साहेब मात्र भुसावळहून यायचा होता, तोही पौषात. तोवर ज्वारी निघून शेत उघडे पडले. धसकटे पाहून साहेबाला काय कळणार? मी स्टेशनमास्तरांकडे गेलो आणि म्हणालो, त्या दिवशीची जागा मी जशीच्या तशी करून दाखवतो. माझ्या हाताचा मला भारी गर्व होता.

जुन्या दाराच्या फळीवर काम मांडले. मोडक्या छत्रीच्या काड्यांचे रूळ केले. शेतातली काळी माती वस्त्रगाळ करून डिंकात कालवून पसरली, तर ती वाळून भेगाळली आणि रूळ वाकडे झाले. मग निम्मी वाळू मिसळून पुन्हा पसरली. सुंभाच्या बाभळी, लाकडाचे इंजिन, दोन पांढरे बैल जुंपलेली गाडी, आणि फाटकाशी दोन बोटे उंचीचे वडील. गवताच्या काड्यांची टोके डिंकात बुडवून खसखशीत घोळली, की भरल्या कणसांची ज्वारी झाली. आता ती किती उंच कापायची एवढेच उरले.

माप अचूक हवे म्हणून मी शेतावर गेलो. बांधावर कडब्याची गंजी होती. एक ताट ओढून अंगाशी उभे धरले. खालचे धसकट आणि वरचे कणीस हिशेबात धरले तरी ते माझ्या छातीशीच संपत होते. आणखी पाच-सहा काढली, तीही तेवढीच. पावसाने दगा दिलेले वर्ष होते ते.

म्हणजे वडिलांना इंजिन दिसायला हवे होते. त्यांचा डोळा लागला होता का, ते खोलीत गेले होते का, हे मी त्यांना विचारू शकलो असतो. विचारले नाही. खरे सांगतील अशी भीती वाटली. घरी येऊन मी काड्या तीन बोटांवर कापल्या. मुलांच्या चित्रातले पान वाकडे झाले तरी छडी उगारणारा मी, त्या संध्याकाळी मुकाट्याने खोटी ज्वारी पेरत होतो. वडील येऊन पाहून गेले. आधी ज्वारीकडे पाहिले, मग स्वतःच्या बाहुलीकडे. बरी झाली, एवढेच म्हणाले.

चौकशी स्टेशनातच झाली. साहेबाने वाकून बाहुलीच्या डोक्याशी डोळा नेला. वळणावरचे इंजिन दिसेना. मग तो शेतकऱ्याकडे वळला: तुझी ज्वारी एवढी होती का?

बांधावरची गंजी अजून तशीच होती. त्याने नुसते बोट दाखवले असते तरी आम्ही उघड्यावर आलो असतो. तो पुढे झाला आणि खसखशीच्या कणसांवरून सावकाश हात फिरवला.

"याच्याहून उंच होती, साहेब."

साहेबाने लिहून घेतले. वडिलांनी मान वर केली नाही.

मी फळी उचलून बाहेर आलो, तर शेतकरी निंबाखाली थांबला होता. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "माही ज्वारी अवंदा छातीच्या वर नव्हती, मास्तर. तुमाले बी मालूम हाये, गंजीपाशी पाह्यलं मी तुमाले. बैल तं गेला. आता मानूस काऊन घालवू?"

तो फळीवर वाकला, गाडीचा उजवीकडचा बैल अलगद सोडवला आणि विचारले, "हा देता का? पोळ्याले पुजीन."

न्या, म्हणालो. त्याने बैल तळहातावर उलटसुलट पाहिला.

"माहा तांबडा होता."

माती वस्त्रगाळ केली, खसखशीची कणसे केली, आणि मेलेल्या बैलाचा रंग मी कोणाला विचारलाही नव्हता. काळ्या मातीवर पांढरा उठून दिसतो म्हणून पांढरा केला होता. त्याला तिथेच बसवून मी घरून गेरू घेऊन आलो. तो सांगत गेला तसा रंगवला. कपाळावर थोडा पांढरा राहू द्या म्हणाला, तेवढा सोडला.