मनगटावरचा हात

यंदा गणपती आणायचाच नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. खरं सांगायचं तर मन उडालं होतं. यांना इन्सुलिन सुरू झालं आणि घरात एक धास्ती कायमची राहायला आली. रात्री यांचा श्वास ऐकत पडायचं, सकाळी आधी यांच्या कपाळाला हात लावून बघायचा, घाम आहे का, गार आहे का. एकदा शुगर अचानक खाली गेली, तेव्हा मी साखरेचा डबा हातात धरून नुसती ओरडत उभी होते, आणि शेजारच्या नीलमने येऊन तो डबा माझ्या हातातून घेतला. असा माझा स्वभाव. सरकारी नोकरीत जन्म गेला, ऑफिसात कितीही मोठा साहेब गरम होऊ दे, मी ढिम्म हलायची नाही. पण घरच्या माणसाला काही झालं की हातपाय गळतात, डोकं बंद. म्हणून चिडून यांना म्हटलं, "इतकी वर्षं केलं ना त्याचं सगळं? मिळालं काय, ही सुई?" हे हसले. म्हणाले, "त्याला येऊ दे गं. झेपेल तेवढंच करू." यांच्यापुढे माझं काही चालत नाही. आला गणपती.

आमच्याकडे तो दीड दिवसाचा. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये असताना आजूबाजूला आपली माणसं खूप होती, सगळं हसतखेळत व्हायचं. रिटायर झाल्यावर द्वारकेतल्या या सोसायटीत आलो, वरच्या मजल्यावर. लेक बंगळूरला. इथे मराठी घर आमचंच, पण हौस सगळ्यांना. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तरपूजेला निम्मा मजला आमच्या हॉलमध्ये. यांनी जेवणाआधीचं इंजेक्शन घेतलं होतं, पानंही मांडली होती. तेवढ्यात एकेकाला आपापल्या घरची आरती म्हणायची लहर आली. आता लोक प्रेमाने गातायत, त्यांना थांबवायचं कसं? आरत्या संपल्या तेव्हा खाली ढोलवाला येऊन उभा होता. हे म्हणाले, "विसर्जनाचं कुंड तर खालच्या पार्कातच आहे. सोडून येऊ आणि निवांत जेवू." आणि एरवी इंजेक्शन झालं की ताटासमोर पहारा देणारी मी, बाप्पाची शिदोरी बांधण्यात एवढी गुंतलेली की "बरं" म्हणून मोकळी झाले. दहीपोहे आणि गुळाचा मोठा खडा, लाल फडक्यात बांधून. सासूबाई अशीच बांधायच्या. ती त्याच्या वाटेवरची, त्याच्याबरोबर पाण्यात जायची. घरच्यांनी तिला तोंड लावायचं नाही.

मंडळी एका लिफ्टने आधी खाली गेली. नीलमने माझा फोन मागून घेतला, "आंटी, वीडियो मैं बनाऊँगी, आप बस बाप्पा को देखिए." यांचा फोन घरातच राहिला, कारण यांच्या दोन्ही हातांत पाट आणि पाटावर मूर्ती. दुसऱ्या लिफ्टमध्ये आम्ही दोघंच शिरलो. दार लागलं, लिफ्ट जरा खाली सरकली, गचका बसला आणि दिवा गेला.

भर दुपार होती, पण आत डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार. आधी मला काहीच वाटलं नाही. दिल्लीत लाईट जाणं ते काय नवीन, जनरेटर आत्ता सुरू होईल. तो झाला नाही. चाचपून घंटेचं बटण दाबलं, ते मुकं. मी दारावर हात आपटले, हाका मारल्या. खालून ढोल ऐकू येत होता, मोरया मोरया चाललं होतं, आमच्याच गणपतीसाठी नाचत होते आणि त्या आवाजात आमच्या हाका कुणाला ऐकू येणार? मग यांचा श्वास बदलला. मला तो ओळखता येतो. हात पुढे करून यांचा गाल चाचपला, तर घामाने चिंब आणि गार.

"अहो, खाली बसा. बाप्पाला ठेवा खाली."

"वाटेत टेकवायचे नाहीत," हे म्हणाले. जीभ जड झाली होती. भिंतीला पाठ घासत हे खाली बसले, पाट मांडीवर घेतला, पण हात काही सोडला नाही. एकदा उचलला की पाण्यापर्यंत कुठे टेकवायचा नाही, ही यांच्या घरची पद्धत. शुद्ध जात असतानाही माणूस तीच धरून बसलेला. मी रडायला लागले. "गोड काही नाही हो जवळ! काहीच नाही जवळ!" असं मी किंचाळत होते, अक्षरशः हेच शब्द, आणि त्या वेळी शिदोरी माझ्याच दंडाला अडकवलेली होती. देवाचा घास म्हटल्यावर तो आपल्या तोंडात घालायचा असतो हे डोक्यात येतच नाही. माझ्या लेखी ते खाणंच नव्हतं.

इतक्यात हे बोलायला लागले, पण माझ्याशी नाही. "या ना. बसा," असं कुणाला तरी म्हणाले. मग माझ्याकडे तोंड करून, जरा रागावूनच, "अगं, सरक ना थोडी. त्यांना उभं राहायला जागा नाही." शुगर उतरली की माणूस बरळतो, डॉक्टरांनी सांगितलं होतं, मला माहीत होतं. तरी मी सरकले. का सरकले, देव जाणे. भिंतीला अगदी चिकटून बसले, आणि माझ्या डाव्या बाजूला, जिथे आत्ता मी होते तिथे, हवा गार झाली. खालचा ढोल बंद पडला. खरं तर सगळेच आवाज बंद पडले, माझं रडणंसुद्धा मला ऐकू येईना.

आणि कुणीतरी माझं मनगट धरलं.

गार, ओलसर हात. घट्ट धरलं, पण दुखेल असं नाही. लहान मुलाचा हात रस्ता ओलांडताना धरतो ना आपण, तसं. मला वाटलं, यांनीच धरलाय. एवढ्या त्रासातही मलाच धीर देतायत, या विचाराने इतका कढ आला! पण त्या पकडीत माझी थरथर थांबत गेली. आधी बोटं, मग हात, मग छातीतली धडधड. मी लढले नाही, मंत्र म्हटला नाही, नवस बोलले नाही. थरथर ओसरत गेली, एवढंच. मग त्या हाताने माझा हात सावकाश उचलला आणि माझ्याच दंडावर नेऊन ठेवला. बोटांखाली फडक्याची गाठ लागली.

अगंबाई, शिदोरी!

गाठ सोडली. गुळाचा तुकडा मोडून यांच्या गालात सरकवला. "चावा. अहो, चावा." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, इतका शांत. चावल्याचा आवाज आला. मग आणखी गूळ, मग घासघास दहीपोहे, घाई न करता, एक गिळला की दुसरा. किती वेळ गेला कुणास ठाऊक. हळूहळू यांचा श्वास सरळ झाला, आणि खालचा ढोल पुन्हा ऐकू यायला लागला. मग तोही थांबला आणि जिन्यावर पावलं वाजली.

गार्डने चावीने दार ओढून उघडलं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. उजेड आत आला तेव्हा हे डोळे उघडून बसले होते, मूर्ती मांडीवर, आणि दोन्ही हातांची बोटं पाटाखाली एकमेकांत अशी अडकलेली की नीलमला ती एकेक करून सोडवावी लागली. "अंकलजी, छोड़िए ना अब," ती विनवत होती. बोटं बधिर झाली होती, पांढरी पडली होती. ते मी बघत उभी राहिले, आणि मग माझ्या मनगटाकडे बघितलं. मनगटावर दह्याचा पट्टा होता, वाळायला लागलेला. उत्तरपूजेला मीच बाप्पाच्या हातावर दही घातलं होतं. अर्थात दहीपोहे मी हातानेच भरवले, तेव्हाही लागलं असेल. मी भांडत नाही कुणाशी.

यांना घरी आणलं, बाप्पाला नाइलाजाने परत मखरात बसवलं आणि यांना पोटभर जेवू घातलं. विचारावं की नाही, असं करत शेवटी विचारलंच, "माझा हात धरलात ना तुम्ही लिफ्टमध्ये?" हे म्हणाले, "मी कसा धरणार? माझ्या हातात पाट नव्हता का?" पुढे भात कालवत सहज म्हणाले, "ते मात्र बिचारे खोळंबले आपल्यामुळे. त्यांना कुठल्या मजल्यावर जायचं होतं गं?" मी ताक वाढायला म्हणून आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले.

उन्हं उतरल्यावर आम्ही जिन्याने खाली गेलो, थांबत थांबत. यांच्या हातांत जोर नव्हता म्हणून मूर्ती मी घेतली, लग्नानंतर पहिल्यांदाच. कुंडावर गर्दी बरीच होती. पाण्यात उतरताना मनातल्या मनात म्हटलं, बाप्पा, यंदा तुमची शिदोरी आम्ही खाल्ली, तुम्ही उपाशी निघालात. आणि दुसरं काही मागायला सुचेना. यांना सांभाळ, असं म्हणायला दरवर्षीप्रमाणे तोंड उघडलं, पण सांभाळणारा सांभाळून गेला होता, आता सांगायचं काय? माझ्या हातात एवढंच होतं की हात खाली न्यायचे आणि सोडायचे. हात थरथरत नव्हते. मूर्ती पाण्याखाली गेली, मुकुटाचं टोक तेवढं राहिलं, मग तेही गेलं.

तेव्हा माझ्या मनगटावरची पकड सुटली. दुपारपासून ती तशीच होती, जेवण वाढताना, जिना उतरताना, सगळा वेळ. सुटली तेव्हा मला कळलं. मी पाण्यात तशीच उभी राहून रडले, आणि हे काठावरून विचारत होते, "अगं, झालं काय?" काही नाही हो, म्हटलं. हात द्या मला, वर यायचंय.