डावीकडची पूर्व

भाऊजी,

तुमच्याबद्दल चार ओळी लिहून द्या असं बिल्डिंगवाल्यांनी सांगितलंय. मी चार ओळींत आटोपणारी बाई नाही, हे इतक्या वर्षांत त्यांना कळू नये म्हणजे कमाल आहे. तुम्ही जाऊन वर्ष होत आलं. तुम्ही असता तर मजकूर राहू द्या, आधी समास सरळ आखा म्हणाला असता. तुमचा गौरव वगैरे मी करणार नाही. गच्चीवर त्या संध्याकाळी काय झालं तेवढं सांगते. मधे मधे 'मी, मी' नको, म्हणून तुम्ही नकाशेमास्तर आणि मी नुसती वहिनी. ऐका, आणि मधे बोलू नका.

तर नकाशेमास्तर. जमीनमोजणीच्या ऑफिसात त्यांनी उभा जन्म नकाशे काढले. कोणाची विहीर कोणाच्या हद्दीत, कोणाचं कुंपण कोणाच्या उरावर, हे मास्तरांनी आखलं की ती काळ्या दगडावरची रेघ. टेबलावर वाकून वाकून त्यांची मान अशी धरली की ती मागे जायचीच बंद झाली. त्याचं त्यांना काही वाटत नसे. "वर बघण्यासारखं असतंच काय? पंखा," म्हणायचे.

ते रिटायर झाले आणि घरात बसले, इथून पुढचे हाल धाकटीचे. धाकटी म्हणजे त्यांची बायको, वहिनींची जाऊ. ती घरी शिवणाचे क्लास घ्यायची. मास्तर मुलींच्या मागे उभे राहून कापडावरच्या खडूच्या रेघा बघत. "ही बाही प्रमाणात नाही," असं एकीला म्हणाले आणि ती बिचारी रडायला लागली. त्या दिवशी धाकटीने कात्री टेबलावर आपटली.

"अहो, संध्याकाळचे दोन तास तरी कुठे तरी जा! देवळात जा, बागेत जा, चुलीत जा!"

जाणार कुठे? बागेत गेले तर माळ्याशी वाफ्यांच्या कोनावरून भांडण. उरली गच्ची. तिला कुलूप, आणि किल्ली सेक्रेटरींच्या कनवटीला. हे सेक्रेटरी म्हणजे कोपऱ्यावरचे औषधवाले. माणूस मोजूनमापून बोलणारा, जणू प्रत्येक शब्द चिठ्ठी बघून द्यायचाय. त्यांचं म्हणणं, गच्ची उघडी ठेवली की लोक वर पापड वाळत घालतात आणि पाण्याच्या टाकीत चेंडू पडतात.

आता ती चकती. ऑफिसात रिटायर होणाऱ्याला भिंतीवरचं घड्याळ द्यायची पद्धत. मास्तरांच्या वेळेला घड्याळं संपली होती, म्हणून कोणीतरी धावतपळत जाऊन ताऱ्यांचा फिरता नकाशा आणला. खाली पुठ्ठ्याची गोल चकती, तिच्यावर सगळे तारे, कडेला महिने आणि तारखा. वर दुसरी चकती, तिला लांबट गोल खिडकी आणि कडेला तास. मधोमध दोन्ही चकत्या धरून ठेवणारं एक रिबीट. आजची तारीख आणि आत्ताची वेळ समोरासमोर आणली की खिडकीत दिसेल ते या क्षणीचं आकाश.

मास्तरांनी ती टेबलावर ठेवली, चष्मा पुसला आणि हसत सुटले.

"वहिनी, हे बघा! उत्तर वर, दक्षिण खाली, इथवर ठीक. आणि पूर्व डावीकडे? डावीकडे! असला नकाशा मी काढला असता तर साहेबांनी मला दक्षिणेकडच्या खिडकीतून फेकलं असतं."

"मागे काही तरी सूचना छापल्यात, त्या वाचा ना."

"ज्याला पूर्व-पश्चिम कळत नाही, त्याच्या सूचना काय वाचायच्या?"

आणि त्यांनी दुरुस्ती केली. पांढऱ्या कागदाचे तुकडे कापून त्यांच्या त्या देखण्या अक्षरात 'पूर्व' उजवीकडे चिकटवलं आणि 'पश्चिम' डावीकडे. मागच्या सूचनांवर एक सुबक बाण काढलेला कागद डकवला. रोज टेबलावर सराव. आकाश बघायला बाल्कनी होती, पण बाल्कनीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत.

मग सेक्रेटरींशी तह झाला. एक संध्याकाळ गच्ची उघडायची, मास्तरांनी सगळ्यांना तारे दाखवायचे. लोकांना पटलं तर किल्ली मास्तरांकडे. नाही पटलं तर कुलूप कायम, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही.

"वहिनी," धाकटी जिन्यात हळूच म्हणाली, "किल्ली मिळू दे हो. नाहीतर माझे क्लास तरी बंद होतील, नाहीतर मीच वेडी होईन."

थंडीचे दिवस, दिवेलागण होऊन गेलेली, आभाळ कसं घासूनपुसून ठेवल्यासारखं. वीसेक माणसं शाली गुंडाळून वर आली. मास्तरांनी स्टुलावर चकती ठेवली, डोळे दिपू नयेत म्हणून टॉर्चला लाल कागद लावला आणि हातात लांब पट्टी घेतली. पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले. मान चकतीवर, पट्टी आभाळात. वर एकदाही पाहिलं नाही. नकाशात आहे म्हणजे वर असणारच, हा खाक्या.

"समोर पूर्वेला पाहा. भाद्रपदेचा मोठा चौकोन. चार कोपऱ्यांना चार तारे, आत काही नाही. मोकळा प्लॉट."

लोकांनी पाहिलं. चार कोपऱ्यांना चार ठसठशीत तारे होते खरे. सगळे "वा!" म्हणाले. मास्तर फुलले.

सेक्रेटरी खाकरले. "मधे तीन तारे दिसतायत. ओळीत."

"कुठे?"

"प्लॉटमध्ये."

मास्तरांनी चकतीवर पुन्हा नजर फिरवली. "नकाशात नाहीत."

"वर आहेत."

"मग नंतरचं बांधकाम असेल," मास्तर म्हणाले. तोंडातून सवयीनं गेलं. पण गच्ची अशी हसली की कबुतरं उडाली. सेक्रेटरी हसले नाहीत. त्यांनी खिशातून किल्ली काढून बोटावर फिरवायला सुरुवात केली. धाकटीचा चेहरा पडला.

वहिनींना राहवेना. मृगाच्या पोटातले ते तीन तारे म्हणजे बाण, हे त्यांना परकरात असल्यापासून ठाऊक. "भाऊजी, तो मृग आहे! जरा मान वर करा."

"मान वर होत नाही, माहीत आहे तुम्हाला."

"मग आडवे व्हा."

"चारचौघांत?"

"चारचौघांत हसं झालंच आहे, आता आडवं व्हायला काय लाज? धाकटे, गादी आण!"

धाकटीने खालून गादी आणली, शिवणाची टाचण्या टोचलेली उशीसुद्धा आणत होती, ती वहिनींनी वेळीच काढून घेतली. ती खाली गेली होती तेवढ्या वेळात वहिनींनी चकतीच्या पाठीवरचा बाणाचा कागद नखानं खरवडला. खाली छापलेलं होतं: चकती डोक्यावर धरून खालून पाहावी. वहिनींनी पुढचे दोन्ही तुकडेही खरवडून काढले. मास्तर कण्हत कण्हत पाठीवर झोपले, डोकं उत्तरेला. वहिनींनी चकती त्यांच्या हातात देऊन चेहऱ्यावर आडवी धरायला लावली आणि चकतीचं उत्तरेचं टोक उत्तरेकडे केलं.

मास्तर चकतीखाली हलेचनात.

"अहो?" धाकटी घाबरली. "झोपलात?"

"गप गं." मग एकदम बारीक आवाजात, "वहिनी, पूर्व पूर्वेला आली."

डावीकडची पूर्व आता बरोबर पूर्वेलाच होती. चकतीतही तिथे मृग, वरही मृग. मोकळा प्लॉट पश्चिमेला, जिथे असायला हवा तिथे.

"मी जन्मभर वरून खाली बघत आलो हो," मास्तर पडल्या पडल्या म्हणाले. "हा नकाशा खालून वर बघायचा. चूक छापखान्याची नाही. माझी."

हा शेवटचा शब्द धाकटीने लग्नानंतर प्रथमच ऐकला. तिने तो दोनदा म्हणायला लावला.

मग गादीसाठी रांग लागली. प्रत्येकाला आडवं होऊन पाहायचं होतं, आणि मास्तर शेजारी बसून प्रत्येकाला चकती फिरवून देत होते. सगळ्यात शेवटी सेक्रेटरी. ते झोपले, व्याध पाहिला, रोहिणी पाहिली, आणि उठायला गेले तर कंबर धरली. दोघांनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं. उभं राहताच त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे किल्ली मास्तरांच्या हातात कोंबली.

"ठेवा तुमच्याकडे. मात्र मला परत इथे बोलावू नका."

तेव्हापासून गच्ची मास्तरांची. धाकटीच्या क्लासच्या मुली बाह्या कशाही कापू लागल्या आणि घरात शांतता नांदली.

तर भाऊजी, एवढंच लिहिलंय. एक राहिलं. इतक्या जणांनी फिरवून फिरवून चकतीचं रिबीट ढिलं झालं, खिडकी घसरायला लागली आणि मृग रोज उशिरा उगवू लागला. मी म्हटलं, बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे द्या, तो एका ठोक्यात नवं मारील. तुम्ही म्हणालात, बॅगवाल्याचा हात जाड, मध्यबिंदू हलला तर सगळं आभाळ हलेल, घड्याळवाल्याकडेच न्या. मी म्हटलं, घड्याळवाला हसेल. तुम्ही म्हणालात, मग शनिवारी दोघं मिळून जाऊ, दोघांनाही विचारू. तो शनिवार काही आला नाही.

किल्ली धाकटीकडे आहे. चकती माझ्या पिशवीत आहे, मधे सेफ्टी पिन लावून. बाजारात जाते तेव्हा दोन्ही दुकानं वाटेत लागतात, समोरासमोर. मी मधे उभी राहते, तुमच्याशी भांडते आणि भाजी घेऊन घरी येते.