शिआनच्या तटावरून

दही संपलं होतं, म्हणून मुग्धाने इराच्या हाती क्वार्कचा डबा दिला. क्वार्क म्हणजे इथला चक्का. नऊ वर्षांच्या आमच्या लेकीने चमचाभर माझ्या तळहातावर ठेवला आणि सगळा संपव म्हणून जर्मनमध्ये बजावलं. सोलापूर सोडलं तेव्हा आईने असंच हातावर दही ठेवलं होतं. तेव्हा मला निघायची घाई होती. या खेपेलाही होती. जीन्सला हात पुसतच मी जर्मनीतल्या आमच्या इंगोलश्टाट स्टेशनावर गाडीत चढलो.

कंपनीने मला आठवडाभरासाठी चीनमध्ये, शिआनला पाठवलं होतं. नावाला काम पुरवठादाराकडचे पार्ट तपासण्याचं. खरं म्हणजे बॉसने विचारलं होतं, तीन वर्षं कुटुंबासह तिकडे राहशील का? परतल्यावर उत्तर द्यायचं होतं. मुग्धा म्हणाली, "बघून तर ये." इराला काहीच सांगितलं नव्हतं. माझ्यासारखे जे घर सोडून निघाले, त्यांना हे ठाऊक असेल. भाड्याचं घर, आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची सरकारी नोंद, मुलांची शाळा, सगळं एकदाचं मार्गी लागलं की आपल्या पायाला पुन्हा भिंगरी लागते.

शिआन मला पहिल्याच दिवशी आवडलं. मधोमध घंटेचा जुना मनोरा, त्याच्याभोवती आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रिक टॅक्सी. शेकडो वर्षांच्या तटापलीकडे काचेचे टॉवर. नूडल्सच्या गाडीवरसुद्धा सगळे फोनवर पैसे देत होते, आणि मी इंगोलश्टाटच्या बेकरीत लागतात तशी नाणी खिशात खुळखुळवत उभा. सोलापूरचा भुईकोटही असाच ऐन शहरात आहे, पण मी कधी धड पाहिला नाही. इथे मात्र प्रत्येक विटेचा फोटो काढत होतो.

शनिवारी शाओ, माझा तिथला सहकारी, मला तटावर सायकल चालवायला घेऊन निघाला. वाटेत सिग्नल लाल होता. रस्ता चक्क रिकामा. शाओ पलीकडे पोहोचला, मी हिरव्याची वाट बघत अलीकडेच. तो हसत ओरडला, "अगदी जर्मन आहेस रे." काय बरं वाटलं मला! जर्मनीत इतक्या वर्षांत हे कोणी म्हटलं नव्हतं. तिथे 'मी इंगोलश्टाटचा' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "आल्झो, म्हणजे, मूळचा कुठला?" सोलापुरात मी जर्मनीवाला. मग रागही आला. एवढं एक वाक्य ऐकायला चीन गाठावं लागलं.

तटावर चढून आईला फोन लावला, बदलीचं सांगितलं. ती म्हणाली, "जायचं तर जा बाबा. आत्ता कुठे मला इंगोलश्टाट म्हणता यायला लागलंय."

त्यानंतर घरी व्हिडिओ कॉल केला. इराला तट दाखवला, सायकली दाखवल्या, आणि न राहवून विचारून टाकलं, "इथे राहायला यायचं का गं?" तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर नेहमी जर्मनमध्ये. या वेळी मात्र ती एकेक शब्द शोधत म्हणाली, "बाबा, मी घरी आहे. तू ये."

मला नीट कळावं म्हणून मराठीत बोलली. मी काहीतरी बोलून फोन ठेवला आणि शाओकडे पाठ करून उभा राहिलो.

परतल्यावर बॉसला नकार कळवला. स्वस्थता आली असं मात्र नाही. रविवारी सगळं इंगोलश्टाट चिडीचूप झालं की अजूनही मी दुसऱ्या देशांतल्या नोकऱ्या चाळत बसतो. माझं घर कुठलं, ते मला सांगता येत नाही. इराचं सांगता येतं. मी तिथे राहतो.